सागाची घाई
ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जुने कागद टाकून न देणारी जी घरे आहेत, त्यांच्या कपाटात कधीकधी एखाद्या सागवान कंपनीचे प्रमाणपत्र सापडते. नव्वदच्या दशकात अशा कंपन्यांचे पेव फुटले होते. काही हजार भरा, रोपाचे मालक व्हा, वीस वर्षांनी मुलीच्या लग्नाला लाखो घ्या! स्वतःची गुंठाभर जमीन नसलेल्या लोकलकराला ही परस्पर बागायतदारी भलतीच भावली. १९९८ मध्ये चेन्नईच्या ‘अनुभव प्लँटेशन्स’चा डोलारा कोसळला. ऑक्टोबर १९९९ मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम आणले, तोवर अनेकांचे पैसे अडकले होते. लबाडी क्षणभर बाजूला ठेवली तरी मूळ हिशेबच कच्चा होता. सरकारी जंगलात साग साधारण साठ-ऐंशी वर्षे वाढू देतात. कोवळ्या झाडात पांढरे लाकूड जास्त आणि गाभा कमी, त्याला जुन्या सागाचा भाव कोण देणार? शिवाय महाराष्ट्रात स्वतःच्या जमिनीतला सागही १९६४ च्या वृक्षतोड कायद्यामुळे परवानगीविना तोडता येत नाही. मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याला हे पक्के ठाऊक असते. तो साग बांधावर लावतो आणि पोट भातावर भरतो. आता चंदन आणि महोगनीच्या नावाने तीच भाषा ऐकू येते. तेव्हा तीनच प्रश्न विचारा: सातबारा कोणाच्या नावावर, सेबीची नोंदणी आहे का, तोडीची परवानगी कोण काढणार? एकाचेही उत्तर गुळमुळीत आले, तर पैसे सरळ पोस्टात ठेवा.