लपलेलं कोणापासून?

चाकण-तळेगाव रस्त्यावर एका वजनकाट्याच्या मागे पत्र्याची शेड आहे. शेजारी टायरवाला, समोर ट्रकांची रांग, पायाखाली खडी आणि डिझेलचे डाग. तिथे मी आयुष्यातला सगळ्यात चांगला एग फ्राइड राइस खाल्ला. किंमत 90 रुपये.

मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत काम करतो. दीड वर्षापूर्वी काट्यावर आमची गाडी अडकली. पावतीचा घोळ होता. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, तासभर काही हलत नाही, जेवून घेऊ." मला वाटलं ढाब्यावर नेईल. त्याने नेलं या शेडमध्ये. चार टेबलं, एक भट्टी, एक काळीकुट्ट लोखंडी कढई आणि तिच्यामागे चाळिशीतला एक माणूस. सगळे त्याला 'दाजू' म्हणत होते.

दाजू भात सकाळीच शिजवतो आणि परातीत पसरून पंख्याखाली गार करतो. ऑर्डर आली की कढईतून धूर निघेपर्यंत थांबतो. आधी अंडं, मग भात. सोया सॉस भातावर ओतत नाही, कढईच्या तापलेल्या कडेवर सोडतो. तो तिथेच चर्र होतो, जरासा जळतो आणि तो वास भातात उतरतो. शेवटी मूठभर कांद्याची पात. कँटनीज भाषेत या वासाला शब्द आहे, 'वॉक हे', म्हणजे कढईचा श्वास. दाजूला हा शब्द माहीत नव्हता. मी मोबाइलवर वाचून दाखवला तर म्हणाला, "दादा, आमच्यात त्याला भट्टी मोठी ठेवणं म्हणतात."

त्या रात्री कॉलेजच्या ग्रुपवर मी फोटो टाकला. खाली लिहिलं, 'हिडन जेम सापडलंय!!'

पाच मिनिटांत उत्तरं आली. 'भटक्या कुत्र्यांची संख्या मोज आधी.' 'चिकन म्हणून मांजर देतील.' 'दाजू की चिंगचाँग?' आणि मी, ज्याने दोन तासांपूर्वी त्या माणसाच्या हातचं ताट चाटूनपुसून संपवलं होतं, त्या मी खाली हसून डोळ्यांत पाणी आलेला इमोजी टाकला.

या लेखाचं खरं कारण तो इमोजी आहे. फ्राइड राइसची तारीफ करायला एक रील पुरली असती.

आधी माझ्याच शब्दाकडे येतो. 'हिडन जेम.' लपलेलं कोणापासून? ती शेड आठ वर्षं तिथे आहे. रोज दीडेकशे माणसं जेवतात. ड्रायव्हर, क्लीनर, काट्यावरची पोरं, मागच्या कंपनीतले कंत्राटी कामगार. त्यांना ती कधीच सापडली होती. लपलेली होती ती माझ्यासारख्यांपासून, जे त्या रस्त्याने एसी लावून जातात आणि अ‍ॅपवर चार स्टार दिसल्याशिवाय ब्रेक मारत नाहीत. ट्रकवाल्यांचं जेवण आपल्या हिशेबात जेवण नसतं, म्हणून तिथे चव निघाली की आपण कोलंबस होतो. 'अशा ठिकाणी इतकं चांगलं!' या वाक्यातला 'अशा ठिकाणी' नीट ऐका. त्यात ठिकाणापेक्षा तिथे बसणाऱ्या माणसांबद्दल जास्त बोललं जातं.

मग येतात जाणकार. परदेशवारी केलेले, चॉपस्टिक धरता येणारे. त्यांचं म्हणणं, "हे खरं चायनीज नव्हे." त्यांना मी मुंबईला नेतो. 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं आणि चिकन मंच्युरियन जन्माला आलं, ही हकिकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. वाँग कलकत्त्यात जन्मलेले, चिनी वंशाचे. आता सांगा, हा पदार्थ खोटा कुठे झाला? चिनी घरातल्या माणसाने भारतात भारतीय जिभांसाठी केलेला आहे. माझगावात चिनी लोकांचं 1919 सालचं देऊळ आजही आहे. शंभर वर्षांहून जुना शेजारी परका कधीपर्यंत राहतो?

दाजू कालिम्पाँगचा. स्वयंपाक शिकला कलकत्त्याच्या टांग्रात, एका हक्का कुटुंबाच्या हॉटेलात, आधी भांडी घासत आणि मग कढईवर. टांग्रा म्हणजे हक्का चिनी लोकांची चामड्याच्या कारखान्यांची वस्ती. 1996 साली सुप्रीम कोर्टाने प्रदूषणामुळे ते कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितले. चामडं गेलं, हॉटेलं राहिली आणि वाढली. त्याआधीची गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात नव्हती. 1962च्या युद्धात सुमारे 3000 चिनी वंशाच्या भारतीयांना घरांतून उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं. काही जण कित्येक वर्षं तिथे होते. गुन्हा काय, तर चेहरा आणि आडनाव. त्यांच्यातले परत आलेले पुन्हा कढईपाशी उभे राहिले आणि आपल्याला नूडल्स खाऊ घालू लागले.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर 2020 आठवा. गलवाननंतर रामदास आठवले यांनी, केंद्रात मंत्री असताना, चायनीज पदार्थ विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घाला असं म्हटलं होतं. आपण त्यावर मीम केले. पण त्या गाड्यांवर उभं कोण होतं? नेपाळी, दार्जिलिंगचे, ओडिशाचे आणि आपले मराठवाड्यातले पोरगे. चीनमधला एकही नव्हता. त्याच वर्षी ईशान्येकडच्या मुलामुलींना रस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारल्या गेल्या. दाजूला अजून रोज कुणीतरी विचारतं, "तू चीनचा की नेपाळचा?" तो म्हणतो, "पश्चिम बंगाल." समोरचा हसतो, जणू त्याने विनोद केला.

"पण अजिनोमोटो?" हा प्रश्न येणारच. 1908 साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळापासून बनवलेल्या रश्शातून ही चव वेगळी काढली. तेच ग्लुटामेट टोमॅटोत आहे, चीजमध्ये आहे, आईच्या दुधातही आहे. 1968 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचं छोटं पत्र छापून आलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेला बधिरपणा येतो, असं त्यात होतं. कारणं म्हणून त्याने बऱ्याच शक्यता मांडल्या होत्या. लोकांनी एकच धरून ठेवली आणि 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' हे नाव रूढ झालं. पुढे लोकांना न सांगता देऊन तपासलं तेव्हा नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात असा ठाम परिणाम दिसला नाही. तुम्हाला त्रास होत असेल तर नका खाऊ, तो तुमचा हक्क. पण चिप्सचं मोठं पाकीट एकटे संपवून, त्यामागे छापलेले चववर्धकांचे आकडे न वाचता, दाजूच्या चिमटीकडे बोट दाखवू नका. आणि स्वच्छतेचं म्हणाल, तर त्याची कढई तुमच्या डोळ्यांसमोर आहे. आवडत्या कॅफेचं किचन तुम्ही कधी पाहिलंय?

दाजूच्या पाटीवर नसलेला एक पदार्थ आहे. सकाळी तो स्वतःसाठी तांदळाची पेज करतो, आलं घालून, वर एक अंडं. रात्रभर गाडी चालवून पोट बिघडलेले ड्रायव्हर मागतात, त्यांना 40 रुपयांत देतो. हे तो टांग्रात शिकला. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा रत्नागिरीची आजी आठवली. तीही तापात हेच द्यायची, वर लिंबाचं लोणचं. या चिनी पेजेला जगभरच्या मेन्यूकार्डांवर 'काँजी' म्हणतात आणि तो शब्द आलाय तमिळमधल्या 'कंजी'वरून. आता 'खरं चायनीज' शोधणाऱ्यांनी ठरवावं, ही वाटी कोणाची.

शेवटचा मुद्दा पैशांचा. इथे मीही आरोपी आहे. 'इतकं स्वस्त!' असं मी कौतुकाने सगळ्यांना सांगत फिरलो. गेल्या वर्षी दाजूने भात 80चा 90 केला. मी ज्या मित्राला गाडीत घालून नेलं होतं, तो म्हणाला, "दाजू, चाललंय काय, एवढ्यात चांगल्या हॉटेलात जेवू की." हाच मित्र 450 रुपयांचा पास्ता खातो आणि वेटरला थँक्यू म्हणतो. पास्ता म्हणजे मैदा, पाणी, सॉस. पण इटलीला आपण वरच्या शेल्फवर ठेवलंय आणि चायनीजला गाडीवर. म्हणून एकाचा भाव 'अनुभवाचा' आणि दुसऱ्याचा 'पोटभरीचा'.

मी दाजूला हिशेब विचारला. व्यावसायिक सिलिंडर, शेडचं भाडं, दोन पोरांचे पगार, तेल. 90 रुपयांत त्याच्या हातात किती उरतं हे त्याने सांगितलं, पण तो आकडा त्याचा आहे, मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की तो आणि त्याची दोन पोरं त्याच शेडच्या माळ्यावर झोपतात. आपल्याला जे स्वस्त पडतं त्याची उरलेली रक्कम ते तिघं भरतात. वाजवी किंमत ही खाणाऱ्याला जशी वाजवी हवी, तशी शिजवणाऱ्यालाही. ती 110 झाली तर माझी हरकत नाही आणि तुमचीही नसावी.

दुकानाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी पन्नास जण रिंग लाइट घेऊन उभे राहतील आणि ड्रायव्हरांना बसायला जागा उरणार नाही. तुमच्या गावातही अशी एक शेड आहे. एसटी स्टँडमागे असेल, मार्केट यार्डात असेल, एमआयडीसीच्या गेटबाहेर असेल. तिथे जा. घासाघीस करू नका. कढईमागच्या माणसाला 'ए चायना' म्हणू नका. आणि कुणी कुत्र्या-मांजराचा विनोद केला तर हसू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड असतं. चार मित्र हसत असताना गप्प बसायलाही जोर लागतो आणि बोलायला त्याहून जास्त.

मी त्या ग्रुपवर परवा लिहिलं, की त्या दिवशी मी हसायला नको होतं. दोघांनी अंगठा दाखवला. एकाने लिहिलं, 'सेंटी नको होऊस.' बाकीचे गप्प. दीड वर्षापूर्वीचा तो इमोजी अजून तिथेच आहे, आता तो सगळ्यांसाठी डिलीट होत नाही. काल दुपारी पुन्हा काट्यावर गाडी होती. दाजूने विचारलं, "दादा, नेहमीचं?" मी हो म्हणालो.