बारा गावचं पाणी

मेलबर्नला बहिणीकडे गेलो होतो. टीव्हीवर फुटीचा सामना लागला होता. फुटी म्हणजे तिकडचा, ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल: लंबगोल चेंडू, एका बाजूला अठरा खेळाडू, मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. चौदा वर्षांचा भाचा एका खेळाडूकडे बोट दाखवून म्हणाला, "मामा, हा गद्दार आहे. मागच्या वर्षी आमच्याकडे होता."

मला तो शब्द लागला. त्याला मी मार्टिन पाइकची गोष्ट सांगितली. तीच इथे सांगतो.

पाइक मूळचा दक्षिण ऑस्ट्रेलियाचा, अ‍ॅडलेडच्या नॉरवुड क्लबात तयार झालेला. अंगापिंडाने दणकट, चेंडूवर तुटून पडणारा. 1993 ते 2005 या काळात तो सर्वोच्च स्पर्धेत चार क्लबांकडून 247 सामने खेळला. पहिली दोन वर्षं मेलबर्न क्लबात काढली, पण तिथे त्याचं बस्तान बसलं नाही. 1995मध्ये तो फिट्झरॉयला आला.

फिट्झरॉय तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. 1883 साली स्थापन झालेला, आठ विजेतेपदं मिळवलेला क्लब. पण स्वतःचं मैदान उरलं नव्हतं, घरचे सामने दुसऱ्या क्लबाच्या मैदानावर व्हायचे. नौरू नावाच्या प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या बेटाच्या विमा महामंडळाचं कर्ज डोक्यावर होतं आणि 1996च्या जूनअखेरीस त्याच कर्जापायी क्लबाचा कारभार प्रशासकाकडे गेला. विलीनीकरणासाठी दोन स्थळं होती: नॉर्थ मेलबर्न आणि ब्रिस्बेन. नॉर्थशी बोलणी जवळजवळ पक्की झाली होती. पण नॉर्थ तेव्हा इतका बलवान होता की फिट्झरॉयचे खेळाडू मिळाले तर तो कुणालाच आवरणार नाही, ही धास्ती इतर क्लबांनी घेतली. जुलैत कौल ब्रिस्बेनच्या बाजूने गेला.

हंगाम अजून बाकी होता. विचार करा, आपला क्लब दोन महिन्यांत संपणार हे माहीत असताना दर आठवड्याला मैदानात उतरायचं आणि हरायचं. त्या वर्षी बावीस सामन्यांत फिट्झरॉयने एकच जिंकला. मेलबर्नमधल्या शेवटच्या सामन्यात 151 गुणांनी पराभव झाला. 1 सप्टेंबरला पर्थमध्ये शेवटचा सामना झाला, तोही हरले. त्या हंगामातला क्लबाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला मार्टिन पाइक. माझ्या लेखी त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम हेच. जिंकणाऱ्या संघात जीव ओतणं त्या मानाने सोपं असतं.

ब्रिस्बेनला फिट्झरॉयचे आठ खेळाडू घेता येणार होते. त्या आठांत पाइकचं नाव नव्हतं! बुडत्या क्लबासाठी वर्षभर सर्वांत चांगला खेळला तोच बाहेर राहिला. मग त्याला घेतलं नॉर्थ मेलबर्नने, म्हणजे ज्यांचं जमता जमता मोडलं त्या पहिल्या स्थळाने. तिथे 1999मध्ये वेन केरीच्या नेतृत्वाखाली कार्लटनला हरवून त्याने पहिलं विजेतेपद मिळवलं. पुढे नॉर्थही सुटलं आणि 2001मध्ये तो गेला ब्रिस्बेन लायन्सकडे. फिट्झरॉयचं बोधचिन्ह असलेला सिंह विलीनीकरणानंतर याच क्लबाच्या जर्सीवर होता. पाच वर्षांपूर्वी नाकारलेला माणूस त्याच सिंहाखाली परत उभा राहिला.

पुढची तीन वर्षं मी भाच्याला बोटांवर मोजून दाखवली. 2001, एसेंडनवर 26 गुणांनी विजय. 2002, कॉलिंगवुडवर 9 गुणांनी. 2003, पुन्हा कॉलिंगवुड, 50 गुणांनी. तिन्ही अंतिम सामने मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, म्हणजे आपण क्रिकेटमुळे ज्याला ओळखतो त्याच मैदानावर. तिन्ही संघांत पाइक होता.

या खेळात अठरा वर्षांच्या पोराला पहिला क्लब बहुधा निवडताच येत नाही. निवडीच्या दिवशी जो क्लब नाव पुकारेल तिकडे बिऱ्हाड हलवायचं, मग तो हजार मैलांवर का असेना. क्लबाला नको झाला की खेळाडू सुटतो, तेव्हा क्लबाला कुणी गद्दार म्हणत नाही. बारा गावचं पाणी प्यायलेल्या माणसाकडे आपण जरा संशयानेच बघतो. तो प्रत्येक गावात काय देऊन गेला हे आधी विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "मग त्याचा खरा क्लब कोणता?"

मी त्याला एवढंच सांगितलं की सर्वोच्च स्पर्धेत शंभर वर्षं खेळलेल्या फिट्झरॉयच्या दर वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत शेवटचं नाव पाइकचं आहे.