सरपण फोडताना : बोटे सांभाळा, नळी तपासा

वैशाख सरत आला की कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या बेगमीची लगबग सुरू होते. ज्या घरी अजून पाण्याचा बंब वा परसातील चूल पेटते, तेथे कोरडे सरपण ही निकडच असते. कुऱ्हाडीच्या जागी आता कोठे कोठे हायड्रॉलिक यंत्र आले आहे. श्रम वाचतात, हे खरे. परंतु पाचरीमागे काही टनांचा दाब असतो, हे विसरू नये.

एकाने ओंडका धरायचा आणि दुसऱ्याने दांडा ओढायचा, ही पद्धत सर्वांत घातक. जो ओंडका ठेवील, त्यानेच दोन्ही हात मोकळे करून दांडा चालवावा. ओंडक्याची टोके सरळ कापलेली असावीत; तिरके वा गाठीचे लाकूड निसटते, ढलप्या उडतात. म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. फिरत्या स्क्रूचे यंत्र असेल तर पदर, उपरणे, सैल बाही आणि हातमोजेदेखील त्यात गुंततात.

आता यंत्राच्या झिजेविषयी. रबरी नळीला भेग पडली की सुईसारख्या बारीक धारेने तेल बाहेर पडते. गळती बोटाने कधीही चाचपू नका. यंत्र बंद करून, दाब उतरवून नळीच बदलून घ्या. ही धार त्वचेत शिरली तर वर केवळ टाचणीएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला वेदनाही फारशी नसते. आत मात्र तेल पसरत जाते आणि बोट, प्रसंगी हात गमावण्याची वेळ येते. मधुमेहामुळे ज्यांच्या हातांची संवेदना मंदावली आहे, त्यांना तर हे उमगतही नाही. अशा वेळी ‘सकाळी पाहू’ म्हणू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय त्वरित गाठावे.

रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात उंच धरा. हळद, चहापूड लावू नका. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोटाला बर्फ थेट लागू देऊ नका. डोळ्यात ढलपी रुतली असेल तर उपटू नका, चोळू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. धनुर्वाताच्या लसीची आठवणही करून द्या.

घरातील तरुणांना एक विनंती. ज्या आजोबांनी आयुष्यभर कुऱ्हाड चालवली, त्यांना ‘तुम्ही लांब बसा’ हे शब्द जखमेहून अधिक लागतात. दांडा त्यांच्या हाती देऊ नका. पण कोणते लाकूड आधी जाळायचे, कोणते अजून वाळवायचे, हे त्यांना विचारा. यंत्र थांबल्यावर हलक्या फाट्यांची रास त्यांनाच रचू द्या.