आजोबांचा लाहोरवाला

परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना आजोबांचा एक फोटो सापडला. नौदलाचा गणवेश, गोल टोपी आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून हसणारा एक उंच पोरगा. मागे पेन्सिलीनं एवढंच: 'नर्बदा, १९४५'.

'नर्बदा' ही रॉयल इंडियन नेव्हीची युद्धनौका. जानेवारी १९४५ मध्ये ती ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर लढली. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नाविकांनी बंड केलं, त्यातही होती. हे पुस्तकांत मिळतं. आजोबांचा हुद्दा त्यांच्या कागदांत मिळतो. तो पोरगा मात्र कुठेच नाही.

आत्याला फोन केला.

"अरे, तो बाबांचा लाहोरवाला! एका ताटात जेवायचे दोघं. आईला हे सांगायला बाबांना चार वर्षं लागली!"

"नाव काय त्याचं?"

"ते आईला माहीत होतं रे."

आजी जाऊन सहा वर्षं झाली. तिच्याशेजारी बसून मी कितीदा आजोबांच्या पदकांबद्दल विचारलं होतं. दोस्तांबद्दल एकदाही नाही.

बंडाच्या संपसमितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. म्हणजे फोटोतली जोडी काही जगावेगळी नव्हती. पण दीड वर्षातच फाळणी झाली आणि जहाजांचीही वाटणी झाली. गंमत बघा, 'सतलज' भारताकडे राहिली आणि 'नर्बदा', 'गोदावरी' पाकिस्तानात गेल्या! तिथे नर्बदाची 'झेलम' झाली, गोदावरीची 'सिंध'. जहाज लाहोरवाल्याच्या देशात गेलं, आजोबा इकडे राहिले. पुढे दोघांची भेट झाली नाही, असं आत्या म्हणते.

माझं मत विचाराल तर पूर्वजांचा शोध आपण उलट्या टोकानं सुरू करतो. हुद्दा, पदक, पेन्शन हे आधी. पण ते दप्तरात आहेच, पन्नास वर्षांनीही सापडेल. 'त्यांचं कोणाशी जमायचं?' याचं उत्तर फक्त म्हाताऱ्या माणसांकडे असतं, आणि ती थांबत नाहीत. माणूस कसा होता, हे मला तरी हुद्द्यापेक्षा त्या एका ताटावरून जास्त कळलं.

असो. घरातल्या कोणी लाहोरवाल्याचं नाव कधी ऐकलं असेल तर कळवा. फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहायला जागा आहे अजून.