लाल पी, हिरवा पी

एका वाचक भगिनींचे मोठे तक्रारवजा पत्र आले आहे. लेक-जावई सिडनीला असतात. नातवाला सोळावे लागले आणि शिकाऊ परवाना मिळाला. आजीबाई लिहितात, "पोरगा हुशार आहे, गाडी झोकात चालवतो. तरी पक्का परवाना म्हणे विसाव्या वर्षी! मग चार वर्षे त्याने करायचे काय?"

ताई, चार वर्षे त्याने गाडीच चालवायची, फक्त पायरीपायरीने.

न्यू साउथ वेल्स राज्याचा हा कायदा थोडा समजून घ्या. पहिली पाटी पिवळी, तिच्यावर 'एल'. शेजारी पक्का परवानाधारक बसलेला हवा. पंचविशीच्या आतल्या शिकाऊने १२० तास गाडी चालवायची, त्यांतले २० तास रात्री, आणि प्रत्येक फेरीची नोंद वहीत करायची. म्हणजे खरी परीक्षा आपल्या लेकीचीच! ती डाव्या बाजूला बसणार, पायाखाली ब्रेक नाही, आणि पोरगा पावसात वळण घेणार. अशा वेळी 'दहा तास झालेच असे लिहून टाकू' हा मोह पुष्कळ आईबापांना होत असेल. आपल्या लेकीला होऊ देऊ नका.

सतरा पुरी झाल्यावर, परीक्षा उतरली की लाल 'पी', वर्षभर. मग हिरवा 'पी', दोन वर्षे. मोटरवेवर इतरांना ११० किलोमीटरची मुभा असली तरी शिकाऊ आणि लाल पाटीवाला ९०च्या वर जायचा नाही, हिरवावाला १००च्या वर नाही. हे मोटारी डावीकडून चालवणारे लोक. वेगमर्यादा ८०च्या वर असेल तिथे उजवी पट्टी ओलांडून पुढे जाण्यापुरतीच घ्यायची. (आपल्या द्रुतगती मार्गावर उजव्या पट्टीत मुक्काम ठोकणाऱ्या ट्रकवाल्यांना हे कोण सांगणार!) दारूचा थेंब चालत नाही, कानात तारा घालूनही फोनवर बोलता येत नाही.

आपल्याला सर्वांत जाचक वाटला तो नियम मला सर्वांत शहाणा वाटतो. लाल पाटीवाल्याने रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात एकवीस वर्षांखालचा एकच सोबती घ्यायचा. घरची माणसे सोडून. चार मित्र मागे बसून "दाब रे!" म्हणू लागले की शहाण्या पोराचाही पाय जड होतो. आपल्याकडे शिकाऊ परवान्यानंतर तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते, आणि त्याच रात्री चार मित्रांना घेऊन लोणावळा गाठायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी घालायची तर ती घरच्यांनीच, किल्ली खिळ्याला टांगून.

पुढच्या खेपेला सिडनीला जाल तेव्हा रात्रीच्या वीस तासांत आपणही मागच्या बाकावर बसा. लाडू बरोबर न्या; पण ते गाडी थांबल्यावर द्या.