शिडीची खालची पायरी

कोणत्याही देशाचा फुटबॉल समजून घ्यायचा, तर आधी त्याचे जिल्हे पाहावेत, असे माझे मत आहे. पोर्तुगालच्या बाबतीत ते फारच खरे ठरते. आपल्याला तिथला युसेबियो ठाऊक, बेनफिका ठाऊक, रोनाल्डो तर पोरासोरांनाही ठाऊक. पण त्या फुटबॉलचे घर उभे केले ते जिल्ह्यांनी.

१९१४ साली लिस्बन, पोर्तो आणि पोर्तालेग्रे इथल्या तीन असोसिएशननी मिळून राष्ट्रीय संस्था काढली. म्हणजे लेकी आधी आणि आई मागाहून! आज अशा २२ असोसिएशन आहेत: मुख्य भूमीवरच्या १८ जिल्ह्यांच्या १८, मदेराची एक (रोनाल्डो तिथलाच) आणि अझोरिस बेटांच्या ३. गंमत म्हणजे २०११ साली सरकारने जिल्ह्यांवर गव्हर्नर नेमणे बंद केले. फुटबॉलने मात्र जिल्हा सोडला नाही. मुलांचे सामने, पंचांची व्यवस्था, गावोगावच्या क्लबांची लीग हे सारे असोसिएशनच पाहते, आणि जिल्ह्याचा विजेता राष्ट्रीय स्पर्धेत चढतो.

एके काळी थोरामोठ्यांनाही याच दारातून यावे लागे. १९३४ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली, तेव्हा ८ जागा होत्या: लिस्बनला ४, पोर्तोला २, सेतुबाल आणि कोइंब्रा यांना एकेक. जिल्ह्यात वरचा नंबर मिळवा आणि या, असा रोकडा हिशेब! पण १९३९-४० च्या हंगामात एका सामन्याचा वाद झाला आणि बलाढ्य पोर्तो क्लब आपल्याच जिल्ह्यात तिसरा आला. मग काय झाले? लीगच्या ८ जागांच्या १० झाल्या, पोर्तो आत आला आणि चक्क विजेता ठरला! पुढच्या हंगामात जागा पुन्हा ८. पाहुणा मोठा असला की पंगत वाढते, हे काही आपल्याकडेच घडते असे नाही.

म्हणूनच मला बेलेनेन्सेसची हकीकत मोलाची वाटते. लिस्बनचा हा क्लब १९१९ चा. १९४५-४६ चा राष्ट्रीय विजेता. पुढे त्याचा व्यावसायिक संघ एका कंपनीच्या हाती गेला आणि २०१८ साली क्लब व कंपनी यांची फारकत झाली. वरच्या लीगमधली जागा कंपनीकडे राहिली. क्लबापाशी उरले रेस्तेलोचे मैदान आणि सभासद. क्लबाने नवा संघ उभा केला तो लिस्बन जिल्ह्याच्या अगदी खालच्या वर्गात. या वेळी पंगत कुणी वाढवली नाही. क्लबाने एकेक पायरी चढत २०२३ साली राष्ट्रीय दुसरा वर्ग गाठला. कंपनीचा संघ २०२२ सालीच पहिल्या लीगमधून खाली आला होता.

बेलेनेन्सेस पुढच्याच वर्षी पुन्हा घसरला, हेही सांगितले पाहिजे. पण माझ्या लेखी प्रश्न चढण्या-घसरण्याचा नाही. पैसा, कंपनी, लीगमधली जागा सारे गेल्यावरही सभासदांना उभे राहायला एक पायरी शिल्लक होती, आणि ती जिल्ह्याने राखली होती.

वाचकहो, दिवाळीत आकाशकंदील उंच टांगावाच. पण उंबऱ्याशी पणती लावायला विसरू नये. घरात येणारा माणूस पाऊल तिथेच टाकतो.