नाकाला रजा कोणी दिली?

काय दोस्तांनो, थंडी पडली, रुमाल खिशात आहे ना?

या आठवड्याचं पत्र आळंदीहून आलंय, सातवीतल्या एका मुलाचं. (नाव छापू नका, असं त्यानं बजावलंय!) तो लिहितो, 'आमचं देवळाजवळ बुक्का, अष्टगंध नि तुळशीच्या माळांचं दुकान आहे. गणपतीपासून माझं नाक चोंदलेलं आहे. आता चंपाषष्ठी झाली, तरी तसंच. कार्तिकी यात्रेत बुक्क्याची पोती रिकामी झाली, मला वास म्हणून आला नाही. परवा दूध उतू जाऊन गॅस विझला. मी शेजारीच अभ्यास करत होतो, कळलंच नाही. आई बाहेरून धावत आली. सगळे म्हणतात, तुझं लक्ष नसतं. डॉक्टरकाकू, लक्ष होतं हो माझं!'

त्याच्या आईबाबांना आधी सांगते, मुलगा खरं बोलतोय. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टन नावाचं उग्र रसायन मिसळतात. ज्याचं नाक बंद, त्याच्यासाठी ही धोक्याची घंटा मुकी!

आता एक गंमत करा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि बडीशेप चावा. नुसता गोडसर भुसा! नाक सोडा, की लगेच बडीशेप 'बडीशेप' होते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात, बाकीची सगळी मजा नाकाची. म्हणून वास गेलेलं मूल जेवताना कुरकुर करतं आणि आपण म्हणतो, नखरे करतंय.

नाकाच्या अगदी छताशी, डोळ्यांच्या मधल्या उंचीवर, पोस्टाच्या तिकिटाएवढा वास ओळखणाऱ्या पेशींचा पट्टा असतो. तिथून बारीक नसा चाळणीसारख्या हाडातून थेट मेंदूत जातात. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ साली वास टिपणाऱ्या जनुकांचा शोध लावला, त्याबद्दल त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. माणसाकडे वास टिपणारे असे सुमारे ४०० प्रकार आहेत.

मग ही रजा दिली कोणी? सायनसनं. गाल, कपाळ नि डोळ्यांच्या आसपासच्या हाडांत पोकळ्या असतात, त्या म्हणजे सायनस. त्यांतला शेंबूड (हसू नका, तो कामाचा असतो!) बारीक भोकांतून नाकात उतरतो. सूज आली की भोकं बुजतात, शेंबूड आत तुंबतो, सूज आणखी वाढते. हे १२ आठवड्यांहून जास्त चाललं, की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. कधी सुजेतून द्राक्षांसारखे मऊ कोंब फुटतात, त्यांना पॉलिप म्हणतात. वास छतापर्यंत पोचतच नाही, आणि सुजेनं त्या पेशीही आजारतात. वाट लवकर मोकळी होते, पेशींना मात्र वेळ लागतो. लहान मुलांत अॅडेनॉईडची गाठ किंवा अॅलर्जीही याच्या मागे असते. चाकण-मरकळच्या रस्त्यांवरची धूळ, ट्रकचा धूर यांनी त्रास वाढतो, तो वेगळाच.

म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचंच. ते दुर्बिणीनं नाकात पाहतील. उपचाराची सुरुवात साधी असते: मिठाच्या पाण्यानं नाक धुणं आणि सूज उतरवणारा स्टेरॉइडचा फवारा. नाव ऐकून घाबरू नका, तो थेट नाकात, अगदी थोडा जातो. फवारा मारताना नळीचं तोंड कानाकडे, मधल्या पडद्याकडे नव्हे. दोन दिवसांत गुण नाही म्हणून सोडायचा नाही, काही आठवडे लागतात. याउलट, नाक चटकन मोकळं करणारे दुकानातले थेंब आठवडाभराहून जास्त वापरले, तर नाक जास्तच चोंदतं! एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर थोडे दिवस गोळ्या देतात, क्वचित दुर्बिणीनं शस्त्रक्रिया करतात. हट्टी पॉलिपवर डुपिलुमॅब हे महागडं इंजेक्शन निघालंय. अमेरिकेत २०१९ साली मोठ्यांसाठी आणि २०२४ साली १२ वर्षांवरच्या मुलांसाठी त्याला मान्यता मिळाली. डोळा सुजला, जोराचा ताप आला किंवा डोकं असह्य दुखलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नाक धुणं म्हणजे आपली जलनेतीच. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. नळाचं कच्चं पाणी नको, आणि इंद्रायणीचं तर मुळीच नको. फेस तरंगताना पाहिलाय ना तुम्ही? केरळमध्ये २०२४ आणि २०२५ साली पाण्यातल्या अमीबामुळे मेंदूला सूज आलेले रुग्ण आढळले. हा अमीबा नाकातून आत शिरू शकतो.

सूज उतरल्यावर नाकाला शाळेतही घालता येतं. गुलाब, लवंग, लिंबू, निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ आठवून आठवून घ्यायचे, निदान तीन महिने. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, पण खर्चही काही नाही.

आणि आईबाबा, वास परत येईपर्यंत दुधापाशी त्याला एकट्याला बसवू नका. रात्री रेग्युलेटर बंद केलाय की नाही, हे घरातल्या धड नाकाच्या माणसानं पाहावं.

— तुमची डॉक्टरकाकू